टेस्ट चालवली आणि लॅपटॉपच बंद पडला: डीबस सर्व्हिसची चाचणी वेगळ्या बसवर कशी घ्यायची?

दूधवाला_कोडर

नमस्कार मंडळी. आधी थोडं कूळ-मूळ सांगतो, नाहीतर प्रश्न अर्धवट वाटेल.

आम्ही दूध संकलन केंद्रांवर ठेवायचा एक छोटा डबा बनवतो. आत लिनक्स, बाहेर वजनकाटा आणि फॅटचं मशीन जोडलेलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास संकलन चालतं आणि वीज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून डब्याला एक बारकी यूपीएस आहे. माझी सर्व्हिस पायथनमध्ये आहे, पायगॉब्जेक्ट ही लायब्ररी वापरून लिहिलेली. डीबस म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप पाठवायची सोय. तिच्या सिस्टिम बसवर माझी सर्व्हिस यूपॉवरकडे, म्हणजे बॅटरीची खबर देणाऱ्या सर्व्हिसकडे, कान लावून बसते. बॅटरी धोक्यात आली की अर्धवट पावती पूर्ण करते, डेटाबेस नीट बंद करते आणि लॉगइनडीला (लॉगइन आणि शटडाउन सांभाळणारी सर्व्हिस) ‘पॉवरऑफ’ म्हणून सांगते. शिवाय सेशन बसवर तिचा स्वतःचा एक इंटरफेस आहे. पावती छापणारा प्रोग्रॅम त्यावरून तिला ‘अजून किती वेळ आहे’ असं विचारतो.

आजवर हे सगळं मी हातानेच तपासत आलो. म्हणजे खरोखर प्लग उपटायचा आणि बॅटरी उतरेपर्यंत चहा पीत बसायचं. एका फेरीला पाऊण तास जातो. दिवसाला चार फेऱ्या झाल्या की चहाचाच कंटाळा येतो.

शेवटी गेल्या आठवड्यात टेस्ट लिहायला घेतल्या. जीआयओ या लायब्ररीत टेस्टडीबस नावाचा क्लास मिळाला, तो स्वतःची वेगळी बस उघडतो असं वाचलं. खूश होऊन सहा टेस्ट लिहिल्या, पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) चालवलं. दोन हिरव्या झाल्या आणि तिसरीला माझा लॅपटॉप बंद. हँग नाही, क्रॅश नाही, अगदी शिस्तीत शटडाउन! त्या वेळी मी ग्राहकासोबत व्हिडिओ कॉलवर होतो. त्यांना वाटलं मी रागावून उठून गेलो.

वेगळी बस उघडली होती ना, मग माझा पॉवरऑफ बाहेर पोचला कसा? आणि दुसरं म्हणजे, माझ्या स्वतःच्या इंटरफेसला कॉल करणारी टेस्ट बराच वेळ नुसती अडकून राहते आणि मग ‘टाइमआउट’ म्हणून पडते. सर्व्हिस तर चालू असते. हेच कोड आमच्या बिल्ड सर्व्हरवर टाकलं तर पॉवरऑफची टेस्ट तिथे एरर देऊन पडते, सर्व्हर काही बंद होत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

बसथांबा

हसू नये, पण हसलो. माफ करा.

तुमच्या टेस्टने काम अगदी चोख केलंय. डीबसच्या बस दोन. सेशन बस प्रत्येक लॉगइनची आपली आपली, सिस्टिम बस अख्ख्या मशीनला एक. टेस्टडीबस खासगी डेमन (बस चालवणारा, मागे चालू राहणारा प्रोग्रॅम) सुरू करून फक्त सेशन बसचा पत्ता एन्व्हायर्नमेंटमध्ये बदलतो. सिस्टिम बसला तो हातही लावत नाही. यूपॉवर आणि लॉगइनडी दोघेही सिस्टिम बसवर. थोडक्यात, तुम्ही तालुक्याची गाडी बदललीत आणि चिठ्ठी दिलीत मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरकडे. ती पोचणारच.

पासवर्ड का विचारला नाही असं वाटलं असेल. मशीनसमोर बसून लॉगइन केलेल्या माणसाला पॉवरऑफ करायला पोलकिट (परवानग्या ठरवणारी सर्व्हिस) सहसा अडवत नाही. मेनूतून शटडाउन करताना कुठे पासवर्ड लागतो? तोच न्याय तुमच्या टेस्टला लागला. बिल्ड सर्व्हरवर कंटेनर असणार, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळं काढलेलं छोटं वातावरण. त्यात सिस्टिम बसही नाही आणि लॉगइनडीही नाही, म्हणून तिथे नुसती एरर. तुमचं नशीब की टेस्ट आधी लॅपटॉपवर चालवल्यात. कंटेनरमधली एरर बघून ‘अपेक्षितच आहे’ म्हणत ती झाकली असतीत, तर हा प्रकार पुढे एखाद्या सहकाऱ्याच्या मशीनवर झाला असता.

उपाय: पायथन-डीबसमॉक, म्हणजे टेस्टसाठी खोट्या सर्व्हिस (मॉक) उभ्या करणारं साधन. मार्टिन पिट यांनी २०१२ च्या सुमारास सुरू केलेला प्रकल्प आहे, उबंटू, डेबियन, फेडोरा सगळीकडे पॅकेज मिळतं. त्यात ‘स्टार्ट सिस्टिम बस’ म्हटलं की तात्पुरती बस उभी राहते आणि ‘डीबस सिस्टिम बस ॲड्रेस’ हा व्हेरिएबल तिच्याकडे वळतो. जीआयओ हाच व्हेरिएबल बघतं, त्यामुळे तुमच्या सर्व्हिसच्या कोडमध्ये एक ओळही बदलायला नको. मग त्या बसवर खोटा यूपॉवर आणि खोटा लॉगइनडी बसवायचा. दोन्हींचे साचे तयार आहेत, सोबत नेटवर्कमॅनेजर, ब्लूझेड वगैरेही. खोट्या लॉगइनडीला पॉवरऑफ सांगितलं तर तो काही करत नाही, फक्त वहीत नोंद ठेवतो. टेस्टच्या शेवटी ती वही मागवायची आणि पॉवरऑफ नेमका एकदाच आला का, कुठल्या आर्ग्युमेंटने आला, हे तपासायचं.

अडकणाऱ्या टेस्टबद्दल अंदाज आहे, पण आधी एक करा. घड्याळ लावून बघा, ती किती सेकंद अडकते?

दूधवाला_कोडर

तीनदा मोजलं. २५.०२, २५.०३, २५.०२. आता मला भीती वाटायला लागली आहे. तुम्हाला कसं कळलं?

बसथांबा

२५ सेकंद हा डीबस कॉलचा ठरलेला डिफॉल्ट टाइमआउट आहे, डीबसच्या लिबडीबस या लायब्ररीतही आणि जीआयओमधल्या जीडीबसमध्येही. काटेकोर २५ दिसले की समजायचं, निरोप पोचलाय पण उत्तर देणारं कोणी मोकळं नाही.

तुमची सर्व्हिस आणि टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये, एकाच थ्रेडवर आहेत, बरोबर? आणि कॉल सिंक्रोनस, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून राहणारा? मग असं बघा. तलाठी कार्यालयात एकच कारकून आहे. तो खिडकीतून उठून बाहेर आला, स्वतःच्याच रांगेत उभा राहिला आणि म्हणाला, माझं काम झाल्याशिवाय हलणार नाही. आत कोण आहे? कोणीच नाही. जीडीबसचा सॉकेट वाचणारा थ्रेड वेगळा असतो हे खरं, पण आलेला कॉल तुमच्या मेथडपर्यंत नेण्याचं काम तुमच्या मेन लूपचं, म्हणजे आलेली कामं एकेक करून उचलणाऱ्या चक्राचं. तो लूप सिंक्रोनस कॉलमध्ये अडकलेला.

यावर तीन वाटा आहेत: कॉल असिंक्रोनस करून लूप फिरवत राहायचा, सर्व्हिस दुसऱ्या थ्रेडवर न्यायची, किंवा सरळ सर्व्हिस वेगळी प्रोसेस म्हणून उठवायची. मी तिसरी घ्या म्हणेन. डब्यात ती वेगळ्या प्रोसेसमध्येच चालते, मग टेस्टमध्ये वेगळं नाटक कशाला? दोन्ही बसचे पत्ते एन्व्हायर्नमेंटमधून आपोआप तिच्यापर्यंत जातात.

फक्त प्रोसेस उठवल्या उठवल्या कॉल करू नका. तिने बसवर नाव घेतलेलं नसतं आणि ‘सर्व्हिस अननोन’ येतं. मग लोक मध्ये ‘स्लीप २’ टाकतात. सर्व्हरवर लोड आला की २ पुरत नाही, कोणीतरी ५ करतं, वर्षाने टेस्टला सहा मिनिटं लागतात. बसवर नाव आलं की ‘नेम ओनर चेंज्ड’ सिग्नल येतो, त्याची वाट बघा. डीबसमॉकमध्ये ‘वेट फॉर बस ऑब्जेक्ट’ हे तयार फंक्शन याचसाठी आहे.

कर्नलकाका

दोघांचं वाचलं. एक खडा टाकतो. याला युनिट टेस्ट म्हणू नका. खासगी बस, दोन खोट्या सर्व्हिस, वेगळी प्रोसेस, ही बारकी इंटिग्रेशन टेस्ट झाली. वाईट काही नाही त्यात, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका.

दूधवाले, तुमच्या सर्व्हिसचा मेंदू किती मोठा आहे? बॅटरीची टक्केवारी, धोक्याची पातळी आणि पावती उघडी आहे का, एवढं घेऊन ‘काय करायचं’ हे सांगणारं एक साधं फंक्शन. ते बाजूला काढा. त्याला बस माहीतच नको. त्याच्या चाळीस टेस्ट लिहा, सगळ्या मिळून सेकंदही लागणार नाही. बसवाल्या टेस्ट पाच-सहा पुरेत: सिग्नल ऐकू येतो का, प्रॉपर्टी बरोबर वाचली जाते का, पॉवरऑफ योग्य जागी जातो का.

आता मॉकबद्दल. मी सीमध्ये काम करतो. एकदा आम्ही तयार साचा न वापरता स्वतःच खोटा यूपॉवर लिहिला, पायथनमध्ये, दहा मिनिटांत. धोक्याची पातळी म्हणून सरळ ४ लिहिलं. पायथनचा इंट बसवर सही असलेला (साइन्ड, म्हणजे ऋण किंमतही चालणारा) ३२ बिटी पूर्णांक म्हणून जातो आणि यूपॉवरची ती प्रॉपर्टी बिनसहीची (अनसाइन्ड). आमच्या सी कोडने बिनसहीचा मागितला, मिळाला भलताच, त्यामुळे हाती शून्य आणि लॉगमध्ये एक इशारा. ज्युनियर मुलाने ‘दुरुस्ती’ केली, म्हणजे कोडमध्ये सहीचा मागायला लावला. टेस्ट हिरव्या! खऱ्या मशीनवर सगळं आडवं. दोष मॉकचा, शिक्षा कोडला.

तुमच्या पायथनमध्ये व्हेरिएंट (प्रकारासकट आलेलं मूल्य) उलगडला की सही-बिनसही दोन्ही नुसता इंटच होतो, म्हणून हे दिसणार नाही. पण वेगळं काहीतरी दिसेल. खऱ्या डब्यावर एकदा ‘बससीटीएल इंट्रोस्पेक्ट’ (बसवरचा ऑब्जेक्ट काय काय देतो ते दाखवणारी कमांड) चालवा, यूपॉवरच्या ‘डिस्प्ले डिव्हाइस’वर (सगळ्या बॅटरींचं एकत्र चित्र), प्लग काढून आणि लावून. आलेलं उत्तर फाइलमध्ये ठेवा आणि मॉक त्याच्या शेजारी लावून बघा. यूपॉवरच्या धोक्याच्या पातळ्या पाठ आहेत का तुम्हाला? ० माहीत नाही, १ काही धोका नाही, २ डिस्चार्ज होतेय, ३ कमी, ४ गंभीर, ५ आता कृती करा. यातली २ ही फक्त यूपीएससाठी आहे. लॅपटॉपच्या बॅटरीला ती कधी मिळत नाही. तुमच्याकडे यूपीएस आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

टेस्टिंगवाली

कर्नलकाका, ‘युनिट की इंटिग्रेशन’ हा वाद आमच्या ऑफिसात दर दिवाळीला होतो, फराळासारखा. त्यात पडत नाही. बसथांबांनी सांगितलेल्यात थोडी भर घालते, कारण हे सगळे खड्डे मी स्वतः पडून मोजलेत.

वेगळी बस म्हणून पत्त्याचा व्हेरिएबल नुसता काढून टाकणारे खूप बघितले. त्याने काही होत नाही. सेशन बसचा पत्ता सापडला नाही तर लायब्ररी ‘एक्सडीजी रनटाइम डिर’च्या फोल्डरमधलं ‘बस’ नावाचं सॉकेट शोधते, आणि सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर ते खऱ्या सेशनचं असतं. पुढचं दार लावलं, मागचं उघडं. म्हणून मी पायटेस्टच्या कॉन्फटेस्ट फाइलमध्ये, कुठलंही इंपोर्ट होण्याआधी, दोन्ही पत्ते मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या सॉकेटकडे वळवते. एखादी टेस्ट खासगी बस उघडायला विसरली तर ती खऱ्या बसवर जात नाही, तिथल्या तिथे मोठ्याने पडते. दूधवालेदादा, ही दोन ओळींची गोष्ट आजच करा, बाकी नंतर.

‘कुठलंही इंपोर्ट होण्याआधी’ असं म्हणते कारण जीआयओ प्रत्येक बसचं एकच कनेक्शन सगळ्यांना वाटून देतं. कोणा मॉड्यूलने वरच्या वर खऱ्या बसचं कनेक्शन घेऊन धरून ठेवलं असेल, तर नंतर पत्ता कितीही बदला, तुम्हाला तेच जुनं हातात येणार.

आणि याच वाटून दिलेल्या कनेक्शनची आणखी एक खोड. बस बंद पडली की ते आपल्या अख्ख्या प्रोसेसला सिगटर्म (‘बंद हो’ असा सिग्नल) देतं. डेस्कटॉपवर हे शहाणपणाचं आहे. सेशन संपलं, प्रोग्रॅम संपला. पण टेस्टच्या शेवटी तुम्ही खासगी बस मारता आणि तिच्यासोबत पायटेस्टही मरतं! ना ट्रेसबॅक, ना रिपोर्ट, फक्त ‘टर्मिनेटेड’ आणि एक्झिट कोड १४३. यावर माझे दोन दिवस गेलेत. टेस्टच्या प्रोसेसमधल्या कनेक्शनवर ‘एक्झिट ऑन क्लोज’ बंद करा. टेस्टडीबस ही काळजी स्वतः घेतो, पण त्याचंही एक आहे: बंद होताना त्या कनेक्शनचे सगळे संदर्भ सुटायची तो ३० सेकंदांपर्यंत वाट बघतो. कोणीतरी प्रॉक्सी (सर्व्हिसशी बोलणारा ऑब्जेक्ट) धरून ठेवली असेल तर प्रत्येक टेस्टला अर्धा मिनिट. म्हणजे २५ दिसले तर लूप अडकलाय, ३० दिसले तर कोणीतरी काहीतरी सोडत नाहीये. आमच्याकडे हे दोन आकडे भिंतीवर चिकटवलेत.

कोणी डीबस-रन-सेशन (खासगी सेशन बसवर प्रोग्रॅम चालवणारी कमांड) वापरत असेल तर त्यांच्यासाठी. ते चांगलं आहे, प्रोग्रॅम संपला की डेमनही मारतं, जुन्या डीबस-लाँचसारखे अनाथ डेमन मागे ठेवत नाही. पण ते डेमनला नेहमीचीच सेशन कॉन्फिगरेशन देतं, म्हणजे मशीनवर इन्स्टॉल असलेल्या सगळ्या सर्व्हिस मागणी आली की त्या खासगी बसवर आपोआप सुरू होऊ शकतात. आमच्या एका टेस्टने असंच डीकॉन्फ (डेस्कटॉपची सेटिंग्ज साठवणारी सर्व्हिस) उठवलं. बस वेगळी, पण होम फोल्डर तेच! माझ्या डेस्कटॉपची सेटिंग्ज बदलून मोकळं. तेव्हापासून होम, कॉन्फिग आणि रनटाइम ही तिन्ही फोल्डर तात्पुरती देते, आणि बसला स्वतःची कॉन्फिग फाइल, जिच्यात सर्व्हिसचं एकच फोल्डर असतं, माझं.

दूधवाला_कोडर

चार दिवसांनी परत आलोय. सगळ्यांचे आभार, आणि कर्नलकाकांना साष्टांग.

आधी टेस्टिंगवाली ताईंच्या दोन ओळी टाकल्या. सहापैकी चार टेस्ट लगेच पडल्या. म्हणजे आधी ज्या दोन हिरव्या दिसत होत्या, त्यातली एक माझ्या लॅपटॉपच्या खऱ्या बॅटरीची टक्केवारी वाचून पास होत होती. चार्जर काढून बसलो असतो तर कदाचित पडली असती.

मग मेंदू वेगळा काढला, काकांनी सांगितल्याप्रमाणे. सत्तरेक ओळींचं फंक्शन निघालं. त्याच्या टेस्ट लिहिताना पातळ्यांचा तक्ता शेजारी ठेवला आणि दुसऱ्याच ओळीला थबकलो. माझ्या कोडमध्ये अट होती ‘पातळी १ पेक्षा जास्त असेल तर धोका’. लॅपटॉपवर लिहिलं होतं ना, तिथे १ नंतर एकदम ३ येते. यूपीएसवर वीज गेल्या क्षणी २ येते. म्हणजे वीज गेली की बॅटरी ९८ टक्के असली तरी माझा डबा आवराआवर करून झोपायला जाणार!

आता ऐका. तीन केंद्रांवरून दोन महिने हीच तक्रार येत होती, ‘लाइट गेली की तुमचा डबा लगेच बंद पडतो.’ आम्ही काय केलं? यूपीएस बदलून दिल्या. दोनदा. मी प्लग काढून चहा पीत बसायचो तेव्हा कसं दिसलं नाही असं विचाराल, तर माझ्या टेबलावरच्या डब्याला यूपीएस नव्हती, मी जुन्या लॅपटॉपची बॅटरी जोडून काम भागवलं होतं. साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.

डीबसमॉकबद्दल एक बारीक गोष्ट, कोणाला उपयोगी पडेल. यूपॉवरच्या साच्यात ‘ॲड डिस्चार्जिंग बॅटरी’ म्हटलं की बॅटरी दिसते, पण ‘डिस्प्ले डिव्हाइस’ आपोआप भरत नाही. त्यासाठी ‘सेटअप डिस्प्ले डिव्हाइस’ वेगळं बोलवावं लागतं, त्याला अकरा आर्ग्युमेंट. मी सर्व्हिसमध्ये डिस्प्ले डिव्हाइसच वाचतो, त्यामुळे अर्धा दिवस ‘टक्केवारी शून्य का’ म्हणून डोकं फोडलं. प्रकार म्हणून ३ द्यायचं, म्हणजे यूपीएस. २ दिलं तर पुन्हा लॅपटॉपचीच बॅटरी उभी राहते आणि आपण पुन्हा तिथेच.

सध्या मेंदूच्या ४१ टेस्ट, बसवाल्या ७, मिळून नऊ सेकंद. बिल्ड सर्व्हरच्या कंटेनरमध्येही हिरव्या. तिथे आधी डीबस-डेमनच इन्स्टॉल नव्हता, आणि मशीन आयडी नाही म्हणून लायब्ररी रडत होती; तो आयडी बनवणारं डीबस-यूयूआयडीजेन एकदा चालवून ते मिटलं.

अजून एक शंका. आवराआवर चालू असताना कोणी बाहेरून शटडाउन केलं तर पावती अर्धवट राहू नये, म्हणून मी लॉगइनडीकडे ‘डिले’ प्रकारचं इन्हिबिटर (शटडाउन थोडा वेळ थोपवणारं) घेतो. त्याची टेस्ट मॉकवर हिरवी आहे. त्यावर विसंबू का?

बसथांबा

इन्हिबिटर मागितलं का, योग्य वेळी सोडलं का, एवढ्यापुरतं विसंबा. त्यापुढे नाही. खरा लॉगइनडी ‘डिले’वाल्याची वाट ठरावीक वेळच बघतो, डिफॉल्ट ५ सेकंद, आणि मग पुढे जातो. मॉकला असली घाई नसते, तुम्ही सांगितल्याशिवाय तो काहीच करत नाही. तुमचा डेटाबेस त्या जुन्या एसडी कार्डावर बंद व्हायला सात सेकंद घेत असेल तर ते फक्त खऱ्या डब्यावर कळेल. ती एक टेस्ट प्लग काढूनच. चहासकट.

टेस्टिंगवाली

आणि या वेळी डब्याला खरी यूपीएस जोडून, दादा.

कर्नलकाका

साहेबांना सांगून टाका. बदललेल्या यूपीएसचा हिशोब मार्चमध्ये निघेलच.

दूधवाला_कोडर

सांगतो, सोमवारी. डेटाबेस बंद व्हायला किती लागतात ते आत्ताच डब्यावर मोजलं: रिकाम्या दिवशी २ सेकंद, महिनाअखेरीच्या डेटावर ६.४. म्हणजे ५ मध्ये बसत नाही. लॉगइनडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ती मर्यादा १५ करतोय, आणि महिनाअखेरीचा डेटा भरलेलं एक कार्ड टेस्टसाठी बाजूला काढून ठेवतोय.